चौथ्या फेरीत पाय का उचलत नाहीत?

पत्र थोडक्यात असं: रावेर तालुक्यातला २३ वर्षांचा एक मुलगा पोलीस भरतीची तयारी करतोय. घरची केळीची बाग आहे. पोट जरा सुटलंय असं वाटून आणि मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून त्यानं पाच आठवड्यांपूर्वी भाकरी, पोळी, भात, गूळ, साखर आणि केळी एकदम बंद केली. अंडी, पनीर, शेंगदाणे, काकडी एवढ्यावर राहतो आणि पहाटे उपाशीपोटी पळतो. पहिल्या आठ दिवसांत वजन तीन किलो उतरलं, त्यामुळे हुरूप आला. पण १६०० मीटरची वेळ ५ मिनिटं ३० सेकंदांवरून ६ मिनिटांवर गेली. तीन फेऱ्या कशाबशा होतात, चौथ्या फेरीत पाय उचलत नाहीत. वडील रोज संध्याकाळी बागेतल्या केळ्यांची फणी समोर ठेवतात, हा ती सरकवून देतो, आणि आता दोघांत बोलणंही कमी झालंय. बरोबरची मुलं म्हणतात, तुझ्यात दम नाही. एकानं एक पावडर आणि एक इंजेक्शन सुचवलंय. मैदानी चाचणी सात आठवड्यांवर आली आहे. त्याचे प्रश्न तीन आहेत. माझ्यात जिद्दच कमी आहे का? साखर सोडून चरबीवर चालायची सवय लागायला शरीराला अजून वेळ द्यायला हवा का? की पावडर घेऊन बघू?

भाऊ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वेळा आणि वजनाचे आकडे पाहिले, दुसऱ्यांदा ते फणीचं वाक्य. तू लिहिलंस, 'वडील काही बोलत नाहीत, फक्त फणी उचलून परत ओट्यावर ठेवतात.' त्याकडे मी शेवटी येते. आधी तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कारण तो तुला आतून खातोय असं दिसतं. ज्याच्यात जिद्द नाही तो पाच आठवडे घरच्या भाकरीकडे पाठ फिरवून रोज पहाटे साडेचारला पळायला जात नाही. जिद्द तुझ्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे, आणि तिच्याच जोरावर तू रिकाम्या टाकीची मोटर पाच आठवडे चालवलीस.

कोणती टाकी, ते सांगते. मी बरीच वर्षं महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आणि हा विषय शिकवायला मला केळ्याइतकं सोपं साधन दुसरं मिळालं नाही. तुझ्या बागेतलं कापणीला आलेलं हिरवं केळं चिर आणि त्यावर आयोडीनचा थेंब टाक. काप निळाकाळा होतो. तो स्टार्च. साखरेचे हजारो कण एकमेकांत गुंफून झाडानं करून ठेवलेला साठा. तेच केळं पिकवणीच्या खोलीतून बाहेर आल्यावर चिर आणि पुन्हा थेंब टाक. डाग जेमतेम पडतो. कच्च्या केळ्याच्या गराच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा स्टार्च असतो, पूर्ण पिकलेल्या केळ्यात तो टक्का-दोन टक्क्यांवर येतो. बाकीच्याची साखर झालेली असते, म्हणून ते गोड लागतं. बाहेरून कोणी गोडी घातलेली नसते, आतलाच साठा सुटा होतो.

तुझ्या अंगातही असाच साठा आहे. त्याचं नाव ग्लायकोजेन. स्टार्चचाच भाऊ म्हण, फक्त याला फांद्या फार. आठ-दहा, फार तर बारा कणांनंतर एक फांदी फुटते, त्या फांदीला पुन्हा फांदी. ही रचना उगाच नाही. ग्लायकोजेन तोडणारं एन्झाइम, फॉस्फोरिलेज, फांदीच्या टोकाकडून एकेक कण कातरत येतं. जितक्या फांद्या तितकी टोकं, आणि जितकी टोकं तितक्या जागी एकाच वेळी कातरणी चालते. वाघ मागे लागला तर शरीराला साखर हप्त्यानं नको असते, त्याच क्षणी हवी असते. तुझ्यासाठी तो वाघ म्हणजे सुरुवातीची शिट्टी.

आता हा साठा कुठे असतो, इथेच बहुतेकांची गफलत होते. साठे दोन, आणि दोघांचे स्वभाव वेगळे. आपल्याकडे गावात नळाला पाणी कधी दोन दिवसांनी येतं, कधी आठ दिवसांनी. गावाची एक उंच टाकी असते, तिच्यातून सगळ्या गावाला पाणी जातं. शिवाय घरोघरी आपापले ड्रम, हौद भरलेले असतात. तुझं यकृत ही गावची टाकी. भरलेली असली तर त्यात साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन मावतं, आणि ते सगळ्या शरीरासाठी, मुख्यतः मेंदूसाठी असतं. रक्त म्हणजे पाइपलाइन. तिच्यात एका वेळी साखर किती असते सांगू? पाच ग्रॅमच्या आसपास, एक चमचा. तो चमचा रिकामा होऊ नये म्हणून यकृत रात्रभर थोडं थोडं सोडत राहतं. स्नायू हे घरचे ड्रम. त्यांत सगळे मिळून ४०० ग्रॅमच्या आगेमागे मावतं, व्यायाम करणाऱ्याच्या अंगात आणखी जास्त. पण घरच्या ड्रममधलं पाणी उलटं नळात जात नाही. स्नायूतून साखर परत रक्तात सोडायला जे एन्झाइम लागतं ते यकृताकडे आहे, स्नायूंकडे नाही. मांडीतला साठा मांडीच वापरणार. हाताचा साठा भरलेला असला तरी पायाला त्यातून सरळ काही मिळत नाही.

गावची टाकी रिकामी झाली की काय होतं ते मी स्वतः भोगलंय. विशीत असताना चैत्रात धुळ्याहून सप्तशृंग गडाला पायी निघाले होते. उपास कडक धरलेला, दुसऱ्या दिवशी चहाशिवाय पोटात काही नाही. कळवणच्या अलीकडे हात थरथरायला लागले, भर उन्हात गार घाम फुटला, आणि काही कारण नसताना रडू यायला लागलं. रस्त्याच्या कडेला बसले ती उठताच येईना. वारीतल्या एका आजींनी माझ्या तळहातावर गुळाचा खडा आणि फुटाणे ठेवले, वर तांब्याभर पाणी दिलं. पंधरा-वीस मिनिटांत मी उठून चालायला लागले. माझे पाय शाबूत होते, उपाशी होता तो मेंदू. यकृताचा साठा एका रात्रीत निम्म्यावर येतो आणि दिवसभर काही खाल्लं नाही, वर चाललं, की जवळजवळ संपतो.

तुझी गोष्ट मात्र वेगळी आहे. तुला चक्कर नाही, थरथर नाही, डोकं साफ आहे आणि पाय चालत नाहीत. ही गावची टाकी नव्हे, हा घरचा ड्रम. म्हणून 'पहाटे उपाशीपोटी पळतो म्हणून दमतो का' ही तुझी शंकाही अर्धीच बरोबर आहे. रात्री झोपेत स्नायूंचा साठा फारसा उतरत नाही. आदल्या दिवशी नीट जेवलेला मुलगा पहाटे रिकाम्या पोटी सहा मिनिटं पळाला तर त्याच्या मांड्या भरलेल्याच असतात. तुझ्या मांड्या एका रात्रीत रिकाम्या झालेल्या नाहीत. पाच आठवडे रोज उपसा चाललाय आणि भरणा नाही.

आता चौथी फेरी जवळून बघ. शिट्टी वाजायच्या आधीच छातीत धडधड सुरू होते. ती अॅड्रेनॅलिन या संप्रेरकाची. स्नायूंना निरोप जातो की कातरणी तयार ठेवा. पहिलं पाऊल पडतं, स्नायू आकसतो, आकसताना त्यात जे कॅल्शियम सुटतं तेच फॉस्फोरिलेजला जागं करतं. म्हणजे पाय हलवण्याची आणि साठा फोडण्याची किल्ली एकच. सुरुवातीचे काही क्षण सोडले तर पहिल्या फेऱ्यांत श्वास आणि रक्त मागणी बऱ्यापैकी पुरवतात. वेग वाढवला की, आणि शेवटच्या २०० मीटरच्या जोरात तर नक्कीच, जितकी ऊर्जा लागते तितका ऑक्सिजन पोचत नाही. तिथे फक्त साखरच कामाला येते, कारण ऑक्सिजनशिवाय ऊर्जा देणं तिला जमतं, चरबीला जमत नाही. तेव्हा स्नायू साठा सपाट्यानं फोडतो आणि मागे लॅक्टेट राहतं. ते रक्तातून यकृतात जातं आणि तिथे त्याची पुन्हा साखर होते. हा फेरा कार्ल आणि गर्टी कोरी या नवराबायकोनं उलगडला. ग्लायकोजेन कसं फुटतं ते दाखवल्याबद्दल त्यांना १९४७ चं नोबेल मिळालं. वैद्यकातलं नोबेल मिळालेली गर्टी ही पहिली बाई. मुलींच्या वर्गात हे मी कधी सांगायचं सोडलं नाही, इथे तरी का सोडू?

तुझा दुसरा प्रश्न चरबीचा. व्हिडिओत सांगतात ते सगळं खोटं नाही. चरबीत ऊर्जा दुपटीहून जास्त असते, ग्रॅमला ९ कॅलरी, साखर-स्टार्चमध्ये ४. सडपातळ माणसाच्या अंगावरही कित्येक किलो चरबी असते. म्हणजे हतनूरचं धरण भरलेलं आहे. पण धरण भरलंय म्हणून तुझ्या मळ्यातल्या पाइपला जोर येतो का? पाइप किती इंची आणि मोटर किती ताकदीची, त्यावर पाणी येणार. चरबी सुटून, रक्तातून स्नायूत पोचून, ऑक्सिजन घेऊन जळायला वेळ लागतो. चालायला, सावकाश पळायला, बागेत दिवसभर घड वाहायला ती उत्तम. सहा मिनिटांच्या आत १६०० मीटर मारायला तिचा पाइप लहान पडतो.

'शरीराला सवय लागेल' हेही तपासून झालंय. ऑस्ट्रेलियात क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईज बर्क यांनी जगातल्या अव्वल दर्जाच्या चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंवर तीन आठवडे हा प्रयोग केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चरबीवर राहणाऱ्यांचं शरीर चरबी खरोखर जास्त जाळायला लागलं, म्हणजे सवय लागली. पण त्याच वेगाला त्यांना ऑक्सिजन जास्त लागायला लागला. भात-पाव-फळं खाणाऱ्यांची १० किलोमीटरची वेळ सुधारली, यांची सुधारली नाही. ते लोक तुझ्या-माझ्यापेक्षा कितीतरी तयार होते. तेव्हा आणखी वाट बघण्यात तुझे सात आठवडे जातील, वेळ सुधारणार नाही.

याहून जुना एक प्रयोग मला फार आवडतो. स्वीडनमध्ये १९६६ साली योनास बेर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन हे दोन डॉक्टर एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसले आणि दोघांनी एकेका पायानं पॅडल मारलं, तो पाय पार थकेपर्यंत. दुसरा पाय आरामात. मग मांडीत जाड सुई घालून स्नायूचा कण काढून पाहिला. राबलेल्या पायातलं ग्लायकोजेन संपलेलं, बसलेल्या पायातलं जसंच्या तसं. घरच्या ड्रमचं म्हणते ते हेच, शेजारच्या मांडीनंही उसनं दिलं नाही. त्यानंतर तीन दिवस त्यांनी भरपूर पिष्टमय जेवण घेतलं. राबलेला पाय नुसता भरला नाही, बसलेल्या पायाच्या जवळजवळ दुप्पट भरला. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सायकलवर थकेपर्यंतचा वेळ साखर-स्टार्च टाळणाऱ्यांचा तासाभराचा, नेहमीच्या जेवणावर दोन तासांच्या जवळ, आणि भरपूर पिष्टमय खाणाऱ्यांचा पावणेतीन तासांच्या पुढे. तुझी शर्यत सहा मिनिटांची आहे, तिला पावणेतीन तासांचा साठा लागत नाही हे खरं. पण तुझा सराव रोजचा आहे. आजचा अर्धा भरलेला स्नायू उद्या पाव भरलेला असतो, आणि मग वेगाचा सराव वेगाचा राहतच नाही. गेले महिनाभर तू रोज हळू पळायचा सराव करतोयस, हे माझं खरं दुखणं आहे.

आता त्या तीन किलोंबद्दल. त्यावर तुझा सगळा विश्वास उभा आहे म्हणून जरा जपून सांगते. स्नायूत एक ग्रॅम ग्लायकोजेन साठतं तेव्हा त्याच्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. म्हणजे ४०० ग्रॅम साठा उतरला की सोबत सव्वा किलोच्या आसपास पाणी उतरतं, दोन्ही मिळून दीड किलोच्या पुढे. पहिल्या आठवड्यातली तुझी निम्मी-अधिक घट ही आहे. थोडी चरबीही गेली असेल, ते नाकारत नाही. पण तू जे हरवल्याचा आनंद मानलास त्यात तुझी चौथी फेरी होती. आणि परत जेवायला लागशील तेव्हा आठवड्याभरात काटा दीड-दोन किलो वर जाईल. तेव्हा घाबरून परत भाकरी सोडू नकोस. ते पोट नव्हे, मांड्या भरताहेत. तो महिना काट्यावर उभाच राहू नको, घड्याळ बघ.

मग करायचं काय? तुझ्यापुढे वाटा तीन. आहे तसं चालू ठेवणं, ते सोड असं मी वर सांगितलंच. दुसरी, खाणं असंच ठेवून पळायच्या आधी गोड पेय किंवा पावडर घेणं. त्यानं पाइपलाइनमधला एक चमचा वाढतो, ड्रम भरत नाही. त्या डब्यांत बहुतेक वेळा भरपूर कॅफिन असतं, छातीत धडधड वाढते आणि वाटतं की जोर आला. इंजेक्शनबद्दल तर मला आवाज चढवूनच बोलावं लागेल. कोण देतंय, आत काय आहे, सुई कुठली, काही माहीत नाही आणि तू दंडावर टोचून घेणार? पकडला गेलास तर नोकरी जाईल हा मुद्दा दुसरा, आधी तुझं हृदय आणि यकृत. त्या मित्राला सरळ नाही सांग आणि त्याची काळजीही कर, कारण तो स्वतः घेत असणार.

तिसरी वाट, जेवायला लाग. एकदम पाहुणचारासारखं नको, आठ-दहा दिवसांत चढवत ने. रोज तासभर दमदार सराव करणाऱ्याला दर किलो वजनामागे ५ ते ७ ग्रॅम पिष्टमय पदार्थ लागतात. तुझं वजन ६४ किलो आहे, म्हणजे ३२० ग्रॅमच्या वर. हिशेब घरच्या ताटात मांड. दादर ज्वारीची मध्यम भाकरी, ६०-७० ग्रॅम पिठाची, तिच्यात ४५-५० ग्रॅम. अशा चार. दोन-तीन मध्यम केळी, प्रत्येकात २५ च्या आसपास. वाटीभर भात, वरण, दूध, सकाळच्या चहाबरोबर गुळाचा खडा. झालं की. यासाठी कुठलाही डबा विकत आणावा लागत नाही. अंडी, डाळ, शेंगदाणे चालू ठेव, ते तू बरोबरच केलंस. कळण्याची भाकरी होत असेल तर उत्तम, ज्वारीबरोबर उडीदही पोटात जातो. बट्टी मात्र तुपात बुडवलेली, ती रविवारी.

वेळेचंही थोडं बघ. रात्रीचं जेवण चुकवू नको, उद्याची फेरी तिथे भरते. पहाटे पळायच्या अर्धा तास आधी एक पिकलेलं केळं आणि अर्धा तांब्या पाणी. रात्रीतून उतरलेल्या यकृताला तेवढा आधार बरा. सुरुवातीचे दोन-तीन दिवस पोटात ढवळलं तर अर्ध्या केळ्यानं सुरुवात कर. सराव संपल्यावरचा पहिला तास-दोन तास सोन्याचे असतात, तेव्हा राबलेला स्नायू साखर सगळ्यांत भराभर ओढून घेतो. त्या वेळात दोन केळी आणि पेलाभर दूध, मग सावकाश न्याहारी. तुझ्याबरोबरची मुलं मैदानावरून थेट टपरीवर जाऊन चहा मारतात आणि दहा वाजेपर्यंत काही खात नाहीत, हे तूच लिहिलंयस. तो वेळ वाया जातो. रिकामा झालेला ड्रम काठोकाठ भरायला नीट जेवणासह एक दिवस लागतो, कधी जास्तही. म्हणून जोराचा सराव रोज नको, एक दिवस जोराचा आणि दुसरा हलका.

परीक्षेच्या दिवसाचं आत्ताच ठरवून ठेव, कारण तिथे चांगली तयारी झालेली मुलं घसरतात. पहाटे चारपासून रांगेत उभं राहायचं, कागद, उंची, छाती, आणि पळायची पाळी येते ऊन चढल्यावर. आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी नीट जेवण मिळत नाही म्हणून वडापाववर भागवलेलं असतं. ५० गुणांच्या मैदानीत १६०० मीटरला २० आहेत, १०० मीटर आणि गोळ्याला १५-१५. वीस गुण पहाटेपासूनच्या उपाशी रांगेत घालवू नको. पिशवीत घरची चार केळी, गूळ-फुटाणे, लिंबू-मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली ठेव. थोडं थोडं खात राहा, शेवटचं केळं पळायच्या तासभर आधी. आधीचे दोन दिवस सराव अगदी हलका आणि जेवण नेहमीचं. त्या दिवशी नवीन काहीही तोंडात घालायचं नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

जेवण सुरू करूनही दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर मात्र दुसरं कारण शोधायला हवं. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात हिमोग्लोबिन आणि रक्तातली साखर तपासून घे. हे ८०० मीटरची तयारी करणाऱ्या मुलींनी तर आधीच करावं. घरचं सगळं आवरून, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाऊन पळणाऱ्या कितीतरी मुली मला पत्रं लिहितात, आणि त्यांचा दम बहुतेक वेळा रक्त कमी म्हणून जातो. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या, नंदुरबारकडच्या वाचकांनी घरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार असेल तर पळायला लागण्याआधी तपासणी करून डॉक्टरांना विचारावं. नुसते वाहक असलात तरी उन्हात जिवाच्या आकांतानं पळणं धोक्याचं ठरू शकतं. पळाल्यानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, स्नायू ताठून सुजले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. ब्रायन मॅकआर्डल या ब्रिटिश डॉक्टरनं १९५१ मध्ये एका तरुणाचं दुखणं लिहून ठेवलं होतं, थोड्याशा श्रमानं ज्याचे स्नायू दुखून ताठायचे. पुढे कळलं की तशा रुग्णांच्या स्नायूंत ते कातरणारं फॉस्फोरिलेजच नसतं. साठा भरलेला, पण फोडता येत नाही. असे रुग्ण फार विरळ, पण त्यांना आयुष्यभर 'आळशी' म्हणून ऐकावं लागतं, म्हणून सांगितलं.

आणखी एक, हे पत्र घरात मोठ्यानं वाचलं जाणार म्हणून. हे ताट तासभर पळणाऱ्या तेविशीतल्या मुलाचं आहे. घरात मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारं कोणी असेल तर त्यांनी हे उचलू नये, आणि तुझ्यासारखा उपासही मनानं धरू नये. गोळी घेतलेली आणि पोट रिकामं, अशा वेळी यकृताची टाकी पुरी पडत नाही. नवरात्राच्या आधी डॉक्टरांना विचारून गोळीचं ठरवायचं. पोट कमी करायचं असेल तर तुलाही ते करता येईल, पण भरती झाल्यावर, सावकाश. बैठं काम करणाऱ्या पन्नाशीतल्या माणसानं भात-भाकरी थोडी आवरली तर त्याचं भलंच होतं. तो सल्ला चांगलाच आहे, तुझ्या या सात आठवड्यांसाठी मात्र नाही.

आता फणी. तुझ्या वडिलांना ग्लायकोजेन ठाऊक नसेल, पण कंद लावल्यापासून घड कापेपर्यंत वर्षभर ते एकच काम करतात, साठा भरायचं. पानं ऊन घेतात, साखर करतात, खोडातून ती घडात उतरते आणि स्टार्च होऊन बसते. वाऱ्यानं पानं फाटली, पाणी चुकलं की घड भरत नाही, हे ते नुसतं बोट लावून सांगतील. त्या माणसाच्या पोरानं पाच आठवडे घरचं केळं सरकवून दिलं. ते रागावलेले नाहीत, तू लिहिलेल्या त्या एका वाक्यावरून मला तरी तसं वाटत नाही. आपल्याकडे बाप 'कसा आहेस' असं विचारत नाही, समोर काहीतरी ठेवतो.

माफी वगैरे मागायला जाऊ नको, दोघांनाही अवघड होईल. आज संध्याकाळी त्यांनी फणी ठेवली की एक केळं तोड आणि तिथेच बसून खा. मग उद्या पहाटेसाठी कोणतं घ्यावं ते त्यांना विचार. किती पिकलेलं लवकर पचतं, परीक्षेच्या दिवशी पिशवीत न काळवंडता राहील असं कोणतं, मैदानाच्या किती दिवस आधी काढून ठेवावं. यातलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पंधरा दिवसांनी मला पुन्हा लिही. एकूण वेळ कळवच, पण चारही फेऱ्यांच्या वेळा वेगवेगळ्या लिहून पाठव. मला चौथी बघायची आहे.